ऊठबस

"तुम्ही हल्ली चिडत नाही," ही एकदा म्हणाली.

चाळिशी ओलांडलेल्या नवऱ्याविषयी बायकोने असे उद्गार काढावेत, यापरते प्रशस्तिपत्र कोणते? माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. पण तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की हे प्रशस्तिपत्र नसून तक्रार आहे. गॅसचे सिलिंडर संपून दोन दिवस झाले होते. नवे नोंदवण्याचे काम माझ्याकडे होते. शेजारून मागून आणलेल्या शेगडीवर चहा उकळत होता आणि मी त्याच्या वाफेकडे मोठ्या प्रसन्नतेने पाहत होतो.

"पूर्वी तुम्ही आदळआपट करायचात, पण सिलिंडर यायचं," ती म्हणाली. "आता आदळआपटही नाही आणि सिलिंडरही नाही."

मी हसलो. चिडलो नाही. आणि खरे सांगायचे तर, सिलिंडर त्या दिवशीही नोंदवले नाही.

या प्रसन्नतेची सुरुवात झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत. नांदेडला गाडीत बसलो आणि मनमाडमार्गे इगतपुरीला उतरलो. तिथे धम्मगिरीला विपश्यनेची शिबिरे भरतात. १९७६ पासून भरत आहेत. मी गेलो तो काही मोक्षाच्या ओढीने नव्हे. माझ्याच बरोबर नोकरीला लागलेल्या एका सहकाऱ्याच्या दारावरच्या पाटीवर त्या वर्षी नावाआधी 'डॉ.' ही दोन टिंबांएवढी गोष्ट येऊन बसली होती, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती. माझा प्रबंध नऊ वर्षे चालला होता. 'चालला होता' हे क्रियापद मी भाषेचा प्राध्यापक असून वापरतो, याबद्दल क्षमा असावी.

दहा दिवसांचे ते शिबिर. दारातच फोन जमा करतात. त्याचे मला फारसे वाटले नाही. पण वह्या, पुस्तके आणि पेनही जमा करतात, तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. वीस वर्षे ज्या हाताने खडू नाहीतर पेन धरले, त्या हाताचे आता करायचे काय? बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, शेजाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे जातात. मधल्या वेळात दहा-साडेदहा तास बसायचे. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, तोही मुद्दाम घेतलेला नव्हे. येईल तसा, जाईल तसा. चौथ्या दिवसापासून लक्ष सगळ्या अंगावरून फिरवायचे आणि जे जाणवेल ते नुसते पाहायचे. एक तास तर असा, की पायाची घडी मोडायची नाही, हात उघडायचा नाही, डोळा उघडायचा नाही.

पहिले दोन दिवस मी श्वास कमी आणि ती पाटी जास्त पाहिली. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागला. पाचव्या दिवशी तो ओरडू लागला. सहाव्या दिवशी दुपारी केव्हातरी एक गंमत झाली: गुडघा दुखत होता, पण मी दुखत नव्हतो. याहून नीट मला सांगता येणार नाही. त्यानंतर ती पाटी मनात आली, तर तीही गुडघ्यासारखीच वाटली. छातीत थोडे गरम, घशाशी थोडे घट्ट. मग ते विरले. नऊ वर्षे जिने मला रात्री जागवले ती असूया एवढीच होती का, याचे मला नवल वाटले. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ मिळते. त्या दिवशी केळे होते. अर्धापूरच्या माणसाने केळ्याचे कौतुक करावे म्हणजे कोकण्याने समुद्राचे करण्यापैकीच. पण ते केळे मी पंधरा मिनिटे खाल्ले आणि जन्मात प्रथमच खाल्ले, असे मला वाटले.

परत आलो तो असा निवळून. कॉलेजात त्या सहकाऱ्याचे मनापासून अभिनंदन केले. तोच बिचारा गोंधळला. रात्री झोप लागू लागली. पहाटे तासभर आणि संध्याकाळी तासभर बसावे, असे शिबिरात सांगतात. मी दुपारचाही तास त्यात घातला. आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. प्रबंधाची फाईल उघडावी असे वाटेना. कंटाळा आला होता असे नाही. कंटाळ्यालाही काही तिखट चव असते. नुसते वाटेना. तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर असत, आणि मी त्यांच्याकडे इतक्या समतेने पाही, की तपासलेला गठ्ठा आणि न तपासलेला गठ्ठा यांत मला भेद उरला नव्हता. परीक्षा विभागाला तो होता, हा भाग वेगळा.

मग माझ्या लक्षात आले, की नऊ वर्षे तो प्रबंध मी लिहीत नव्हतो. ती पाटी लिहीत होती. गाडी ओढणारा बैलच सोडून दिला, आणि आता गाडी उभी का, असे विचारीत बसलो होतो. बैल मारकुटा होता, कबूल. पण ओढत होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला हे फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, यावर संशोधन झालंय." आणि खरेच झाले आहे. हाफेनब्रॅक आणि व्होज या दोघांनी २०१८ साली ते प्रसिद्ध केले. लोकांना थोडा वेळ श्वासावर ध्यान करायला लावले आणि मग एखादे साधे, रोजच्यासारखे काम पुढे ठेवले. ध्यान करणाऱ्यांना ते काम करण्याची इच्छा इतरांपेक्षा कमी होती. मन या क्षणी ठेवले की पुढच्याची ओढ ढिली पडते, आणि काम म्हटले की पुढचेच काहीतरी असते, असा त्याचा साधारण अर्थ. पण गंमत पुढे आहे. इच्छा कमी असूनही, काम हाती घेतल्यावर त्यांनी ते इतरांपेक्षा वाईट केले नाही. म्हणजे हात शाबूत होता. फक्त उठत नव्हता. त्या लोकांनी काही मिनिटेच ध्यान केले होते. दहा दिवस करून वर दुपारचा तास घालणाऱ्याचे काय होते, हे त्या दोघांनी मला विचारायला हवे होते.

या दिवसांत मी टिळकांचे 'गीतारहस्य' पुन्हा काढले. आमच्या पिढीतल्या मराठीच्या प्राध्यापकाकडे ते कपाटात असतेच, आणि बहुधा कपाटातच असते. ज्ञान झाल्यावर माणसाने कर्म सोडावे की करावे, हाच त्या सगळ्या ग्रंथाचा प्रश्न. आणि करावे, मरेपर्यंत करावे, हे त्यांचे ठाम उत्तर. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ते पेन्सिलीने लिहिले, आणि १९१५ मध्ये ते छापून आले. लिहिले कुठे? मंडालेच्या तुरुंगात. हे शाळेत पाठ केलेले वाक्य. पण या वेळी त्या गावाच्या नावाशी मी अडखळलो. कारण ज्यांचे ध्वनिमुद्रित शब्द ऐकत मी दहा दिवस बसलो होतो, त्या सत्यनारायण गोएंकांचा जन्म १९२४ सालचा, आणि तोही मंडालेचाच. एकाच गावातून महाराष्ट्राला दोन देणी आली: एकाने सांगितले ऊठ, दुसऱ्याने सांगितले बस. माझ्यासारख्याने नेमके कोणाचे ऐकायचे?

आता यात गोएंकाजींवर अन्याय होतो, हेही सांगितले पाहिजे. ते स्वतः व्यापारी, मोठा पसारा असलेले. डोकेदुखीने बेजार होऊन १९५५ मध्ये रंगूनला पहिल्या शिबिराला बसले, आणि १९६९ साली भारतात येऊन त्यांनी हे शिकवायला सुरुवात केली ती २०१३ साली देह ठेवीपर्यंत. हे काही उठता न येणाऱ्या माणसाचे आयुष्य नव्हे. आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर सरकारी हिशेबनीस! महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेला हा माणूस १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचा महालेखापाल झाला. त्याने कचेरीतच ध्यानाची सोय केली आणि हाताखालच्या लोकांना बसायला शिकवले. पुढे तर एकाच वेळी एकाहून अधिक खात्यांचा कारभार त्याच्यावर आला. ध्यानाने फायली तुंबतात, असे त्या कचेरीत कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. समता म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हेही प्रवचनात बजावून सांगितलेले होते. मी त्या वेळी बहुधा गुडघ्याकडे समतेने पाहत असेन.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. सिलिंडर उशिरा आले, प्रबंध रखडला, तर माझेच नुकसान. पण जानेवारीत माझ्या वर्गातली एक मुलगी एक अर्ज घेऊन आली. शेवटच्या वर्षाची, आसपासच्याच एका खेड्यातली. घरी कोरडवाहू तुकडा, आणि तिच्याआधी त्या घरात दहावीपुढे कोणी गेलेले नाही. अक्षर टपोरे आणि डोके स्वच्छ. तिला एम.ए.साठी पुण्याला जायचे होते. राहण्या-जेवणाचा खर्च उचलणारी एक संस्था तिने स्वतःच शोधून काढली होती. प्राध्यापकांचे सविस्तर शिफारसपत्र त्यांना हवे होते, तेही प्राध्यापकांनीच परस्पर पाठवायचे, महिनाअखेरच्या आत. मी म्हटले, ठेव. तिने कागद टेबलावर ठेवले. मी त्यांवर काचेचा गोळा ठेवला.

ते कागद मी रोज पाहत होतो. विसरलो होतो असे म्हणण्याची सोय नाही. एक पान लिहायचे होते, आणि ते लिहिण्यासारखे माझ्या मनात भरपूर होते. पण दुपारी घरी यावे, बसावे, उठावे तो मन कसे तळ्यासारखे. त्यात खडा टाकावासा वाटेना. उद्या निवांतपणे, चांगले लिहू, असे म्हणत महिना संपला.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला ती आली. "सर, पाठवलं ना?"

मी गप्प राहिलो. तिला कळले. संस्थेला त्याच क्षणी फोन लावला, विनवण्या केल्या. पलीकडच्या माणसाने सौजन्याने सांगितले, की यादी पुढे गेली. ती उभीच होती. मी काहीतरी बोललो. माझी चूक झाली वगैरे. त्यावर ती म्हणाली, "मी मध्ये दोनदा येऊन गेले होते, सर. तुम्ही डोळे मिटून इतके शांत बसला होता, मला वाटलं काम झालंच असेल."

रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. राग पाहायचे मला शिकवलेले होते.

त्याच आठवड्यात वर्गात गोरा कुंभारांचा भाग आला. गोरोबा आमच्या मराठवाड्याचेच, तेरचे. बायको पाणी आणायला निघाली, आणि जाताना एवढेच सांगून गेली, की बाळाकडे लक्ष ठेवा. गोरोबा चिखल तुडवीत नामात रंगले. रांगत आलेले मूल पायाखाली आले, आणि त्यांना कळलेही नाही. ही गोष्ट मी वीस वर्षे शिकवतो. तल्लीनतेची परिसीमा, देहभान हरपणे, हे शब्द मला पाठ आहेत. त्या दिवशी ते तोंडातून निघेनात. तिसऱ्या बाकावर ती मुलगी मान खाली घालून टिपून घेत होती. मला प्रथमच त्या पाणी घेऊन परतलेल्या बाईचे काय झाले असेल, एवढेच दिसत होते. तिने जगावेगळे काही मागितले नव्हते. लक्ष ठेवा म्हटले होते. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळते, अशी कथा आहे. गेलेली तारीख परत आणून देणारा विठ्ठल माझ्या तरी ओळखीचा नव्हता.

आणि याच गोरोबांनी म्हणे संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले! ही कथा सांगताना नामदेवांची बाजू घ्यावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. नामदेवांचे गाव म्हणून मानतात ती नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि ज्या ग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत तो गुरू ग्रंथ साहिब नांदेडला, इथून तासाभराच्या आत. त्या ग्रंथात कबीरांच्या तोंडून नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद येतो. कापडाच्या कामात गढलेल्या नामदेवांना त्रिलोचन टोकतात, की हे काय करीत बसलास, देवाकडे लक्ष दे. नामदेव काम खाली ठेवीत नाहीत. उत्तर देतात, तेही हात चालू ठेवूनच. या मडक्याला कच्चे म्हणायचे असेल तर म्हणा.

दुपारचा तास मी त्या दिवशी बंद केला. पण बंद करणे सोपे. सुरू काय करायचे ते कळत नव्हते. जुन्या बैलाला परत बोलवावे असेही वाटेना. त्या पाटीवर पुन्हा जळायला लागावे, म्हणजे प्रबंध पुरा होईल, हा उपाय मला लाजिरवाणा वाटला. आणि एकदा विझलेले ते पेटवायचे म्हटले तरी पेटत नाही, हेही पाहिले.

मे महिन्यात वादळ आले. इसापूर धरणाच्या पाण्यावर आमच्या भागात केळी झाली, आणि अर्धापूरचे नाव त्या केळीने दूरवर गेले. पण केळीला वाऱ्याची भीती फार. माणसाच्या मांडीएवढे खोड दिसते, आत सगळे पाणी. थोरल्या भावाची बाग घडांनी लगडली होती, महिन्याभरात काढणी. संध्याकाळी अर्धा तास वारा सुटला आणि सगळी बाग एका दिशेने निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेलो. दादा रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून दिसत होते. वहिनी सांगत होत्या, की रात्री तो बांधावर बसून रडला, मग वाऱ्याला शिव्या दिल्या, मग व्यापाऱ्याला, मग मला का कोण जाणे. तलाठी येऊन पंचनामा होईस्तोवर पडलेल्या केळीला हात लावायचा नव्हता. तो करून गेला, तसा दादाने विळा उचलला. मी बांधावर उभा होतो, शांत. काहीतरी धीर द्यावा म्हणून म्हटले, "दादा, सगळं अनित्य आहे."

त्याने वाकल्या वाकल्याच माझ्याकडे पाहिले. "ते मला काय सांगायलास? केळ एका सालाचंच अस्तंय. एक घड दिलं की खोड संपलं. म्हणून तर घाई करायलो. आज नाही कापलं तर बुडातलं पिल्लू दबून मरतंय." मग थांबून म्हणाला, "बसायचं असंल तर तिकडं सावलीत बस. मधी उभारू नको."

मी खाली पाहिले. मोडलेल्या प्रत्येक खोडाच्या बुडाशी गुंडाळी करून बसलेले हिरवेगार पान होते. वरचे ओझे काढले तर खोडवा धरणार होता. मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. दादाने काही न बोलता दुसरा विळा पुढे केला. दोन दिवस आम्ही खोडे तोडली. दादा मध्येच शिवी हासडी, मध्येच सुस्कारा टाकी. त्याच्यात समता म्हणून नव्हती. पण एकही पिल्लू त्याच्या नजरेतून सुटले नाही, आणि विळा कुठल्याही पिल्लाला लागला नाही. माझ्याकडून दोनतीन कापली गेली. पाठ मोडून आली. तिसऱ्या का चौथ्या तासाला मला जाणवले, की शिबिरातल्या सहाव्या दिवसासारखेच काहीतरी आत चालले आहे. पाठ दुखते आहे, मी दुखत नाही. फरक एवढाच, की इथे पुढे खोड होते, त्याखाली पान होते, आणि थांबून त्या अवस्थेचे कौतुक करायला सवड नव्हती.

केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो आणि जन्मात जात नाही. तो सदरा हिने घासघासून धुतला आणि शेवटी हात टेकले. "पुसायला घेऊ का हा?" असे विचारत होती. मी नको म्हटले. सुट्टीच्या दिवशी घरी तोच घालतो.

पहाटे अजून बसतो, पण अर्धाच तास. उठायची वेळ झाली की उठतो, मग मन तळ्यासारखे असो की डबक्यासारखे. उत्तरपत्रिका वेळेवर जातात. एका गठ्ठ्यात चाळीस मुले असतात, हे त्याच्या दोरीची गाठ सोडताना आताशा आठवते. प्रबंधाचे म्हणाल, तर त्यातली दोन प्रकरणे मी काढून टाकली. ती फक्त त्या सहकाऱ्याला खोडून काढण्यासाठी लिहिली होती, आणि वाचताना मलाच हसू आले. उरलेल्यात काही आहे असे वाटते. पुरा होईल की नाही ते सांगवत नाही. सिलिंडरचे काम हिने माझ्याकडून कायमचे काढून घेतले आहे.

यंदा श्रावणात ती मुलगी आली होती. पुणे झाले नाही. नांदेडच्या विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एस.टी.ने जाऊन येऊन करते. पहाटे भाकरी बांधून निघते, रात्री घर गाठते, अभ्यास बसमध्ये. पुण्याला असती तर काय झाले असते, हा विषय तिने काढला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही. तिच्या हातात पुन्हा एक अर्ज होता. कागद टेबलावर ठेवताना ती म्हणाली, "सर, पंधरा तारीख आहे." मी कागद उघडून वाचू लागलो, तर जरा थांबून पुन्हा म्हणाली, "पंधरा."

ती जायला वळली होती.

"बस," मी म्हटले.

ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी कोरा कागद ओढला, पेनचे टोपण काढले, आणि तारीख घातली.